व्यायामानंतर दंड-खांदे आंबलेत, ताणू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमवार हा बहुतेक जिममध्ये छातीचा दिवस असतो. त्यामुळे मंगळवार-बुधवारी माझ्या फोनवर एकाच सुरातले निरोप येतात: "सर, हात वर जात नाहीये, कुठलं स्ट्रेचिंग करू?" गेली काही वर्षं वजनांचा व्यायाम शिकवताना तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप केली. ती इथे एकत्र केली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, फक्त नावं काढली आहेत.

१. काल डंबेल उचलले तेव्हा काहीच झालं नाही. आज मात्र टी-शर्ट काढतानाही जीव जातोय. एवढ्या उशिरा का दुखतं?

तुमचं अंग आंबलंय. आजीच्या तोंडचा हा शब्द जिममधल्या 'डॉम्स'पेक्षा (व्यायामानंतर उशिरा येणाऱ्या दुखण्याचं इंग्रजी लघुरूप) मला जास्त नेमका वाटतो, कारण आंबायला वेळ लागतो. व्यायामानंतर साधारण १२ ते २४ तासांनी दुखायला लागतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं.

वजन वर उचलण्यापेक्षा ते खाली सोडताना स्नायूला जास्त सोसावं लागतं. डंबेल खाली येत असतो, बेटकुळी (दंडाच्या पुढचा स्नायू, बायसेप्स) लांबत असते आणि त्याच वेळी ती वजन धरूनही ठेवत असते. ओढाताण होते ती तिथे. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. दंडाचंही गणित तेच. स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, शरीर दुरुस्तीला लागतं, थोडी सूज येते, आणि एरवी न जाणवणारा स्पर्शसुद्धा दुखू लागतो.

२. हे लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे होतं ना? स्ट्रेचिंगने ते बाहेर पडतं असं ट्रेनर म्हणाला.

नाही. जोरदार व्यायामात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ज्याला जिममध्ये लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, वाढतं हे खरं, पण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. शेवटच्या चार रेप्सना, म्हणजे वजन उचलण्याच्या आवर्तनांना, जी आग होते, तिच्याशी त्याचा संबंध जोडता येईल. परवाच्या दुखण्याशी नाही. वरचं गडाचं उदाहरण पुन्हा घ्या: लॅक्टेट चढताना जास्त वाढतं, दुखतं मात्र उतरल्यावर. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं की उशिराचं हे दुखणं थकव्यातून साठलेल्या द्रव्यांमुळे येत नसून स्नायूच्या आतल्या इजेमुळे येतं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी लॅक्टिक ॲसिड काही जिममधून हलायला तयार नाही.

३. मग स्ट्रेचिंग केल्याने दुखणं लवकर थांबतं की नाही? एका शब्दात सांगा.

नाही.

दोन शब्दांची मुभा दिलीत तर: जवळजवळ नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये १२ अभ्यास एकत्र तपासले होते. व्यायामाआधी ताणा, नंतर ताणा किंवा दोन्ही वेळा ताणा, वेदनेतला फरक १०० गुणांच्या पट्टीवर अर्धा ते ४ गुणांइतकाच निघाला. एवढा फरक दुखणाऱ्याला जाणवतही नाही.

४. पण ताणल्यावर बरं तर वाटतं. मग करूच नको का?

करा की. बरं वाटतं हे खोटं नाही. सावकाश ताण दिला की थोडा वेळ आखडलेपण सैल होतं, सांधा मोकळा वाटतो, केस विंचरता येतात, लोकलमधल्या कडीपर्यंत हात पोचतो. काही मिनिटांचा हा आराम औषध नाही एवढं लक्षात ठेवलं, की गडबड होत नाही. गडबड होते ती "कमी झालं नाही, म्हणजे मी कमी ताणलं" या हिशेबाने. नुसतं जोरात आणि फार वेळ ताणल्यानेही स्नायू आंबतो. आधीच आंबलेल्याला पुन्हा तेच कशाला?

आंबलेल्या दंडाला खरी मदत होते ती हलक्या हालचालीने. हात खाली सोडून झुलवणं, खांदे गोल फिरवणं, रिकाम्या हाताने किंवा पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीने वीस-पंचवीस वेळा कोपर वाकवणं. स्नायू गरम झाला की दुखणं थोडा वेळ उतरतं. ताण द्यायचा तो त्यानंतर.

५. आंबलंय की दुखापत झालीय, हे घरच्या घरी कसं ओळखू?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकीची उत्तरं याच्यावर उभी आहेत.

आंबलेलं दुखणं पसरट असतं. "कुठे दुखतं?" विचारलं की माणूस अख्खा पंजा दंडावर फिरवून दाखवतो. बहुतेक वेळा दोन्ही हात दुखतात, कारण व्यायाम दोन्ही हातांनी केलेला असतो. स्वस्थ बसलं की विशेष त्रास नसतो. दाबलं किंवा हलवलं की ठसठसतं. उद्या आजच्यापेक्षा कमी नसलं, तरी तीन-चार दिवसांत कमी व्हायला लागतं.

दुखापत झालेला माणूस एक बोट ठेवतो. "इथे, बरोबर इथे." बऱ्याचदा त्याला क्षणही आठवतो: तिसऱ्या सेटला, सातव्या रेपला चमक निघाली. एकाच बाजूला दुखतं, कूस बदलताना झोपमोड होते, हातातून कप निसटेल असं वाटतं.

'फट्ट' असा आवाज आला असेल, दंडावर किंवा काखेजवळ काळंनिळं पडलं असेल, बेटकुळीचा गोळा जागचा सरकल्यासारखा दिसत असेल, तर काही ताणू नका. स्नायू किंवा त्याची दोरी (स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन) तुटलेली असू शकते. हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. कोपराजवळची बायसेप्सची दोरी तुटली असेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रियेचा निर्णय घेणं सोपं जातं. उशीर झाला की दोरी आखडते आणि काम अवघड होतं.

६. ताणायचं कधी? दोन सेटच्या मध्ये, व्यायाम संपल्यावर, की दुसऱ्या दिवशी?

जड सेटच्या आधी एकच ताण मिनिटभराहून जास्त धरून ठेवू नका. त्यानंतर काही वेळ ताकद थोडी कमी भरते. सुरुवातीला हात फिरवणं आणि हलक्या वजनाचा एक सेट पुरे. व्यायाम संपल्यावर अंग गरम असतं, तेव्हा ताणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी ताणायचं तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या थंड दंडाला हिसका देऊ नका.

७. किती वेळ धरायचं आणि किती जोरात?

२० ते ३० सेकंद, दोन-तीन वेळा. जोराचं माप चेहऱ्यावर ठेवा: ताण घेताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. दात आवळले गेले, श्वास अडकला की तुम्ही पुढे गेलात. हिसके द्यायचे नाहीत. आणि मित्राला "मागून जरा ढकल रे" म्हणायचं नाही. त्याला तुमचा खांदा कुठे थांबतो ते कळत नाही.

८. बायसेप्स मारल्यापासून कोपर सरळच होत नाहीये. हात अर्धा वाकडा राहतो. ओढून सरळ करू?

ओढू नका. पहिल्यांदाच भरपूर कर्ल (कोपर वाकवून वजन उचलणं) मारणाऱ्याचं कोपर दोन-चार दिवस असं अर्धवट राहतं. आतल्या सुजेमुळे स्नायू पूर्ण लांब व्हायला नकार देतो. दिवसातून चार-पाच वेळा सावकाश, स्वतःच्याच ताकदीने जेवढं सरळ होतं तेवढं करा, पुन्हा वाकवा. दुसऱ्या हाताने किंवा वजनाने खेचायचं नाही. हात जास्तच सुजत चालला असेल, तर आधी प्रश्न १५ वाचा.

कोपर बऱ्यापैकी सरळ व्हायला लागलं की बेटकुळीला ताण देता येईल. बायसेप्स कोपर आणि खांदा दोन्ही ओलांडून जातो, म्हणून नुसतं कोपर सरळ करून तो पूर्ण ताणला जात नाही. हात मागेही न्यावा लागतो. जेवणाच्या टेबलाकडे पाठ करून उभे राहा. हात मागे नेऊन पंजाची पाठ टेबलावर टेकवा, म्हणजे तळवा छताकडे. कोपर सरळ. आता गुडघे किंचित वाकवत थोडे खाली जा. दंडाच्या पुढच्या बाजूला ओढ लागली की थांबा. खांद्याच्या अगदी पुढच्या टोकाला टोचलं, तर ताण बायसेप्सच्या मांसल भागाला बसत नाहीये; लगेच वर या.

९. ट्रायसेप्ससाठी गोमुखासन चालेल का?

ज्याला जमतं त्याला उत्तम. वरचा हात ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू, ताणतो, कारण त्याचा लांब भाग खांद्यावरून जातो आणि हात डोक्यामागे नेल्याशिवाय त्याला पूर्ण ताण बसत नाही. पण आंबलेल्या दिवशी दोन्ही हातांची बोटं मागे एकमेकांत अडकवायचा हट्ट नको. फक्त वरचा हात घ्या: तळवा मानेमागे, कोपर आकाशाकडे, दुसऱ्या हाताचा कोपराला नुसता आधार. खालचा हात पाठीमागे वळवताना खांदा दुखत असेल, तर तो भाग सोडूनच द्या.

१०. शोल्डरच्या दिवसानंतर खांद्याची बाजू दुखते. तिथला स्ट्रेच सापडतच नाही.

सापडणार नाही. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईला चांगला ताण बसेल अशी सोयीची स्थितीच नाही. हात अंगाला टेकला की संपलं. तिथे लंबक करा. एका हाताने टेबल धरून कमरेतून वाका, दुखरा हात लोंबकळू द्या आणि अंग हलवून तो घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, मग लहान गोलात झुलू द्या. खांद्याने ताकद लावायची नाही.

मागची बाजू ताणता येते. हात छातीसमोरून पलीकडे न्या आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या वर, दंडाला धरून जवळ ओढा. खांदा कानाकडे चढू देऊ नका. बहुतेकांचा फराच (खांद्याचं पातं) सरकतो आणि ताण लागल्याचा नुसता भास होतो. भिंतीला पाठ टेकवून केलंत तर फरा जागेवर राहील.

११. बेंच प्रेसनंतर छाती आणि खांद्याचा पुढचा भाग आखडतो. दाराच्या चौकटीतला स्ट्रेच बरोबर कसा करायचा?

कोपरापासून मनगटापर्यंतचा हात चौकटीवर टेकवा, कोपर खांद्याच्या किंचित खाली. एक पाय उंबरठ्याच्या पुढे टाका आणि छाती सावकाश पुढे न्या. ओढ छातीच्या मांसात लागली पाहिजे. खांद्याच्या पुढच्या टोकाला बोटभर जागेत लागत असेल, तर कोपर आणखी खाली घ्या. तरीही लागत असेल, तर हा ताण तुमच्यासाठी नाही.

हे मी शहाणपणाने नाही, चुकीने शिकलो. काही वर्षांपूर्वी डिप्स (दोन समांतर दांड्यांवर अंग खाली-वर करणं) मारून माझ्या खांद्याच्या पुढे दुखायला लागलं. आखडलंय असं समजून मी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ चौकटीत उभा राहून छाती पुढे ढकलत होतो. जितकं दुखे तितकं जास्त ढकलायचो. दुखावलेली होती बायसेप्सची वरची दोरी, आणि मी रोज दोनदा तिलाच ओढत होतो. फिजिओथेरपिस्टने पहिलं काय सांगितलं असेल? ताणणं बंद. दोन आठवड्यांत निम्मं दुखणं गेलं.

१२. कॉलेजात असताना कबड्डी खेळताना खांदा निखळला होता. मला हे स्ट्रेच चालतील?

चौकटीतला (प्रश्न ११) नाही. हात बाजूला वर आणि मागे, ही तीच स्थिती आहे ज्यात खांदा बहुधा पुढे निखळतो. तुमच्या खांद्याला आणखी सैल होण्याची गरज नाही, धरून ठेवणारी ताकद हवी. डोक्यामागे बार नेणारे प्रकारही टाळा. "आता निसटेल" अशी भीती ज्या कोनात वाटते, तो कोन तुमची सीमा समजा.

१३. हात बाजूने वर नेताना मधल्याच टप्प्यात दुखतं. पूर्ण वर गेला की दुखत नाही. हे कसलं आंबणं?

हे आंबणं नाही. साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये दुखणं आणि पुढे मोकळं होणं, हे खांद्याच्या आतल्या दोऱ्यांच्या, म्हणजे रोटेटर कफच्या, चिडण्याचं नेहमीचं लक्षण आहे. त्या चार छोट्या स्नायूंच्या दोऱ्या खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. त्यांना ताणून फायदा होत नाही. हळूहळू, मोजून वजन देऊन तयार करावं लागतं. दोन आठवडे डोक्यावर वजन ढकलण्याचे प्रेस आणि वजन हनुवटीपर्यंत ओढण्याचा अपराइट रो थांबवा. तरीही राहिलं तर दाखवा.

१४. माझं वय ५२, शुगर आहे. मुलाने जिमला घातलं. आता ब्लाउजचं मागचं हुक लावता येत नाही. ट्रेनर म्हणतो, ताई ताणा, होईल मोकळं.

थांबा. ताई, एक चाचणी करा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला, दार उघडल्यासारखा न्या. दुसऱ्या हाताच्या तुलनेत तो फारच लवकर अडला, आणि घरच्या कुणी हलक्या हाताने नेऊन पाहिलं तरीही तिथेच अडला, तर हा 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे आखडून गोठल्यासारखा झालेला खांद्याचा सांधा, असण्याची शक्यता धरा. ४० ते ६० या वयात तो जास्त दिसतो आणि मधुमेह असलेल्यांत तर बराच जास्त. दोष जिमचा असेलच असं नाही. तो कुठलंही निमित्त नसतानाही होतो. सुरुवातीच्या फार दुखणाऱ्या काळात जोरात ताणलं की खांदा आणखी चिडतो. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, शुगरचे ताजे आकडे बरोबर न्या. तोवर प्रश्न १० मधला लंबक चालेल.

१५. दोन दिवसांपूर्वी मित्राबरोबर पैज लावून पुलअप्स मारले. दंड सुजून टणक झालेत आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. पाणी जास्त पिऊ का?

हे वाचत असाल तर वाचणं थांबवून इस्पितळात जा. आत्ता. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातली द्रव्यं रक्तात आली की लघवी अशी गडद होते; त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि त्यात मूत्रपिंडाला धोका असतो. घरी पाणी पिऊन वाट पाहण्यासारखं हे नाही. रक्ताची आणि लघवीची तपासणी लागते, बहुधा सलाइनही. दुखण्याची गोळी घेऊ नका.

असं होणारे बहुतेक जण नवशिके किंवा आजारपणानंतर, सुट्टीनंतर परत आलेले असतात. जुन्या ताकदीची आठवण डोक्यात ताजी असते, स्नायू मात्र विसरलेला असतो.

१६. दुखण्याची गोळी, बर्फ, शेक, तेल, हळदीचं दूध. यातलं काय?

आंबलेल्या अंगाला शेक किंवा गरम पाण्याची अंघोळ. बर्फाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, आवडत असेल तर लावा. ताज्या लचकेला बर्फ लावायचा नियम ज्या डॉक्टरने १९७८ मध्ये रूढ केला, त्या गेब मर्किननीच पुढे बर्फाने बरं होणं लांबू शकतं असं मान्य केलं, तेव्हा बर्फावरून घरात भांडू नका.

हलकं मालिश दुखणं थोडं कमी करतं. स्ट्रेचिंगपेक्षा नक्कीच जास्त. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठकांनंतर एकमेकांचं अंग रगडायची पद्धत उगाच नाही. मात्र काळंनिळं पडलेल्या जागेवर रगडायचं नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या.

गोळीबद्दल सावध. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेणं मूत्रपिंडाला मानवत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गोळी घेऊन दुखणं झाकायचं आणि त्याच दंडाने पुन्हा वजन उचलायचं, हा तर शुद्ध वेडेपणा.

१७. दुखत असताना जिमला जाऊ की सुट्टी घेऊ?

जा, पण पाय करा. किंवा त्याच स्नायूला निम्म्याहून कमी वजन, निम्मे सेट. आंबलेल्या दंडाची ताकद काही दिवस खरोखर कमी असते, त्यामुळे नेहमीचं वजन हातातून घसरू शकतं. एक दिलासा: त्याच व्यायामाने दुसऱ्या खेपेला एवढं दुखत नाही. एका खेपेतच स्नायू शिकतो आणि ते शिकणं काही आठवडे टिकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच सेट, हलका. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी रडवणारा ट्रेनर चांगला, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

१८. डावा हात दुखतोय. घरचे घाबरलेत की हार्टचं आहे.

दंड दाबल्यावर किंवा विशिष्ट हालचालीलाच दुखत असेल, तर स्नायूची शक्यता जास्त. पण जिना चढताना हात भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, छातीत दडपण, जबड्यात दुखणं, घाम, मळमळ, धाप यांतलं काहीही बरोबर असेल, तर "कालच जिम केली होती" या समाधानावर बसू नका. लगेच इस्पितळ गाठा आणि ईसीजी काढा. त्यात काही निघालं नाही तर हसू येईल, येऊ द्या.

१९. ताणताना करंगळीपर्यंत मुंग्या येतात. म्हणजे ताण बरोबर बसतोय का?

नाही, मुंग्या म्हणजे शिरेची, नेमकं म्हणायचं तर मज्जातंतूची, तक्रार. स्नायूला ताण बसला की ओढ लागते. मुंग्या, बधिरपणा किंवा विजेसारखी चमक येत नाही. कोन कमी करा. तरीही येत असतील, किंवा मान वळवल्यावर वाढत असतील, तर दुखण्याचं मूळ मानेत असू शकतं आणि दंड ताणून ते जाणार नाही.

२०. खांदा फिरवला की कट-कट वाजतं. दुखत नाही, पण भीती वाटते.

दुखत नाही ना? मग वाजू द्या.

२१. डॉक्टरांकडे गेलो तर नेमकं काय सांगू? "खांदा दुखतो" म्हटलं की गोळ्या लिहून देतात.

मोबाइलमध्ये पाच ओळी लिहून न्या. कुठल्या व्यायामाला, कितव्या दिवशी सुरू झालं. एका बोटाने दाखवता येतं की पसरट आहे. कुठला कोन अडतो: वर, पाठीमागे, की बाहेर. रात्री त्या कुशीवर झोपता येतं का. आणि आजवर काय काय केलंत, त्यात कुठले ताण, किती दिवस, हेही. माझ्या वेळी फिजिओने विचारलेला पहिला प्रश्न हाच होता, "घरी काय करताय?" आणि मी मोठ्या अभिमानाने चौकटीचं सांगितलं होतं.